फ्रँक पिक : रिकाम्या डब्यांचा हिशेब

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट नावाचे एक बेट आहे. तेथील राइड ते शँकलिन हा लोहमार्ग जेमतेम साडेआठ मैलांचा. ३ जानेवारी २०२१ रोजी या मार्गावर लाल रंगाच्या एका जुन्या गाडीची अखेरची फेरी झाली. राइडच्या बोगद्याची उंची कमी असल्याने नेहमीच्या आकाराची गाडी त्यातून जात नाही. त्यामुळे १९६७ पासून या बेटाने लंडनच्या भुयारी रेल्वेतून बाद झालेल्या बुटक्या डब्यांवरच आपली गरज भागवली होती. त्या दिवशी निवृत्त झालेली गाडी लंडनमध्ये प्रथम धावली ती १९३८ च्या सुमारास. राजधानीत पन्नास वर्षे आणि बेटावर तीस वर्षे एवढी सेवा तिच्या खात्यावर जमा होती. शेवटच्या काळात चालू स्थितीतील गाड्या इतक्या थोड्या उरल्या की वेळापत्रकाला कात्री लावावी लागली.

ऐंशी वर्षे टिकणारी गाडी बांधायची, असे कोणी ठरवले नव्हते. ती चांगली बांधली गेली, आणि नवी घेण्यास पुढे पैसा मिळाला नाही, म्हणून ती टिकली. मात्र ती चांगली बांधली जावी यासाठी आग्रह धरणारा एक माणूस त्या काळी लंडनच्या वाहतुकीच्या शिरोभागी बसलेला होता. त्याचे नाव फ्रँक पिक. लंडनच्या भुयारी रेल्वेचे लाल वर्तुळ आणि निळी पट्टी हे चिन्ह जगभर ओळखले जाते. त्यामागच्या या माणसाचे नाव मात्र इंग्लंडबाहेर फारसे कोणी घेत नाही. कलेचा आश्रयदाता अशी त्यांची ओळख सांगितली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. पिक यांच्या आयुष्यातील बहुतेक वर्षे न फुगणाऱ्या तिजोरीशी झगडण्यात गेली, आणि त्यांनी सौंदर्याला हाताशी धरले तेही त्याच झगड्यात.

पिक यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७८ रोजी लिंकनशायर परगण्यातील स्पाल्डिंग या लहानशा गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. घरातील वातावरण धर्मनिष्ठ आणि काटकसरीचे. शिष्यवृत्ती मिळवून ते यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, त्याच शहरातील एका वकिलाकडे त्यांनी उमेदवारी केली आणि १९०२ मध्ये ते सॉलिसिटर झाले. लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. त्याच वर्षी ते नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या नोकरीत शिरले. तेथे त्यांच्या वाट्याला आले ते वाहतुकीच्या आकडेवारीचे काम. डबा किती मैल धावला, त्यात किती माणसे बसली आणि त्यापोटी कंपनीला काय मिळाले, हे कोष्टकात मांडायचे. रुक्ष वाटणारे हे शिक्षण त्यांना जन्मभर पुरले. १९०४ मध्ये रेल्वेचे महाव्यवस्थापक सर जॉर्ज गिब यांनी त्यांना आपले साहाय्यक म्हणून निवडले. विवाहही त्याच वर्षी झाला; या दांपत्याला अपत्य नव्हते. १९०६ मध्ये गिब लंडनच्या भुयारी रेल्वे समूहाचे व्यवस्थापकीय संचालक झाले आणि जाताना पिक यांना सोबत घेऊन गेले.

लंडनमधील परिस्थिती बिकट होती. चार्ल्स यर्क्स या अमेरिकी भांडवलदाराने कर्ज उभारून शहराच्या पोटात एकाच वेळी तीन नवे मार्ग खोदायला घेतले होते. ते पुरे झालेले पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही; १९०५ च्या अखेरीस तो वारला. मार्ग १९०६ आणि १९०७ मध्ये खुले झाले, आणि अंदाजपत्रकातील प्रवासी कागदावरच राहिले असल्याचे ध्यानात आले. हॅम्पस्टेडच्या मार्गावर वर्षाला पाच कोटी प्रवासी येतील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच आले. पिकॅडिलीच्या मार्गावर सहा कोटींची अपेक्षा होती, तेथे निम्मेही फिरकले नाहीत. बोगदे खोदून झाले होते, वीजघर उभे होते, व्याजाचे घड्याळ चालू होते. १९०८ मध्ये मुदत संपणाऱ्या रोख्यांची परतफेड कशी करायची, या चिंतेने कंपनी दिवाळखोरीच्या कड्यापाशी येऊन उभी राहिली. धनकोंशी तडजोड झाली म्हणून ती वाचली.

या धामधुमीत, १९०७ मध्ये, अमेरिकेतील वाहतूक व्यवसायात तयार झालेले अल्बर्ट स्टॅन्ली कंपनीत आले. हेच पुढे लॉर्ड अॅशफील्ड म्हणून ओळखले गेले. स्टॅन्ली बोलके, माणसे जोडणारे, मंत्र्यांच्या आणि सावकारांच्या दालनात सहज वावरणारे. पिक अबोल, काहीसे अवघडलेले आणि कठोर. त्यांच्या हिरव्या शाईतील टिपणांची कचेरीत धास्ती असे. दोघांचे स्वभाव जुळण्यासारखे नव्हते, तरीही लंडनची वाहतूक पुढील तीन दशके या जोडीनेच चालवली. कंपनीच्या जाहिराती वाईट असतात, अशी तक्रार पिक उघडपणे करीत. अखेर १९०८ मध्ये स्टॅन्ली यांनी ते खाते त्यांच्याच गळ्यात घातले. जाहिरातीचा कोणताही अनुभव पिक यांना नव्हता. होती ती आकडेवारीची सवय.

त्या सवयीतूनच एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असावी. सकाळी कामावर जाणारा आणि सायंकाळी परतणारा माणूस गाडीत येणारच. त्याला बोलावण्याची गरज नाही, किंबहुना त्या वेळी डब्यात पाय ठेवायलाही जागा नसते. पण दुपारी, रात्री आणि रविवारी तेच डबे रिकामे धावतात. चालकाचा पगार, बोगद्याची देखभाल, कर्जाचे व्याज या कशातही त्यामुळे कपात होत नाही. म्हणजे रिकाम्या वेळी आलेला प्रत्येक जादा प्रवासी हा जवळजवळ निव्वळ नफा. त्या वेळी लोकांनी घराबाहेर पडावे यासाठी त्यांना जायला ठिकाण हवे, आणि त्या ठिकाणाची ओढही लागायला हवी.

मग स्थानकांच्या भिंतींवर हॅम्पस्टेडची टेकडी, क्यूचे उद्यान, वस्तुसंग्रहालये, नाट्यगृहे आणि वसंतातील फुलांचे ताटवे दिसू लागले. यातील कित्येक पोस्टरांवर रेल्वेगाडी दिसतच नसे. नामवंत चित्रकारांबरोबर पिक यांनी अनोळखी तरुणांनाही काम दिले. एडवर्ड मॅक्नाइट कॉफर हा अमेरिकी चित्रकार येथेच नावारूपाला आला. नव्या शैलीतील चित्रे पाहून काही प्रवासी गोंधळत, काही चिडतही. तरी पिक यांनी त्यांना सामान्य माणसाच्या वाटेवर जागा दिली. जे चित्र पाहण्यास एरवी कलादालनात जावे लागले असते, ते लंडनच्या कारकुनाला तिकिटाच्या रांगेत उभे असताना दिसू लागले. या पोस्टरांनी नेमकी किती तिकिटे विकली, हे मात्र कोणत्याही हिशेबवहीतून काढता येणार नाही.

जाहिरातींच्या उत्पन्नावर पिक यांना पाणी सोडता येत नव्हते. साबण, चहा आणि औषधे यांच्या फलकांनी फलाट इतके भरून गेले होते की त्या गर्दीत स्थानकाचे नाव शोधावे लागे. त्यांनी व्यापारी जाहिरातींना ठरावीक आकाराच्या चौकटी आखून दिल्या आणि नावाच्या पाटीमागे लाल वर्तुळ घातले, म्हणजे धावत्या गाडीतूनही ती उठून दिसावी. पुढे एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराला त्यांनी खास कंपनीसाठी नवे अक्षरवळण तयार करण्यास सांगितले. रोमन शिलालेखांच्या प्रमाणबद्धतेवर आधारलेले, पण कोणतीही शेपटी वा वेलबुट्टी नसलेले हे अक्षर १९१६ मध्ये वापरात आले. लाल चकतीचे कडे करून आजचे चिन्ह घडवले तेही जॉन्स्टन यांनीच. किरकोळ फेरफार होत हे अक्षरवळण शंभर वर्षांनंतरही लंडनच्या स्थानकांवर टिकून आहे.

केवळ पोस्टरांनी कर्ज फिटणार नव्हते, हेही खरे. १९१२ मध्ये समूहाने लंडन जनरल ऑम्निबस ही बस कंपनी विकत घेतली. बसचा धंदा किफायतशीर होता, तर भुयारी मार्गांना एक ते तीन टक्के लाभांश वाटणेही जड जाई. यापुढे रस्त्यावरच्या नफ्याने जमिनीखालचा तोटा भरून निघू लागला. बसचे मार्ग रेल्वेशी स्पर्धा न करता प्रवाशांना स्थानकापर्यंत आणून सोडतील अशी आखणी वाणिज्य व्यवस्थापक या नात्याने पिक यांनी केली. एक सेवा दुसरीला पोसते हे तत्त्व आज सर्वत्र गृहीत धरले जाते, पण तेव्हा ते नवे होते आणि नाजूकही. महायुद्धानंतर खासगी बसवाले लंडनच्या रस्त्यांवर उतरले. गर्दीचे मार्ग आणि गर्दीच्या वेळा तेवढ्या ते उचलत. त्यामुळे नेमका तो नफा झिरपू लागला, ज्यावर रेल्वेचा डोलारा उभा होता. १९२४ च्या कायद्याने या स्पर्धेला थोडा लगाम बसला.

नव्या मार्गांसाठी खासगी भांडवल मिळणे केव्हाच बंद झाले होते. बेकारी हटवण्यासाठी सरकारने १९२१ मध्ये कर्जांना हमी देण्याचा कायदा केला. पिक आणि अॅशफील्ड यांनी त्याचा लाभ उठवून उत्तरेला एजवेअर आणि दक्षिणेला १९२६ मध्ये मॉर्डन गाठले. १९२९ च्या तशाच दुसऱ्या कायद्याच्या बळावर पिकॅडिली मार्ग १९३३ मध्ये कॉकफॉस्टर्सपर्यंत पोहोचला. म्हणजे ज्या विस्ताराला लंडनचे सुवर्णयुग म्हटले जाते, तो मंदीच्या आणि बेकारीच्या काळातील मदतनिधीवर झाला.

या मार्गांवरील स्थानकांसाठी पिक यांना चार्ल्स होल्डन हा मनाजोगता वास्तुविशारद लाभला. १९३० च्या उन्हाळ्यात दोघांनी जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि हॉलंडमधील नव्या इमारती पाहिल्या. परतल्यावर विटा, काँक्रीट आणि काच यांतून सडबरी टाउन आणि आर्नोस ग्रोव्हसारखी स्थानके उभी राहिली. त्यांत अलंकरण जवळजवळ नाहीच. भरपूर उजेड, स्पष्ट पाट्या आणि न अडखळता आत जाता येईल असे प्रवेशद्वार, एवढ्यावरच त्यांचा रुबाब उभा आहे. साहित्य साधे आणि रचना नेमकी असल्याने ती टिकली.

होल्डन यांनीच बांधलेल्या ५५ ब्रॉडवे या मुख्यालयाने १९२९ मध्ये वादळ उठवले. दर्शनी भागावर शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी रात्र आणि दिवस यांची प्रतीके असलेले दोन शिल्पसमूह कोरले होते. त्यांतील नग्नतेवरून वृत्तपत्रांनी गहजब केला, ती काढून टाकण्याची मागणी झाली. पिक यांना स्वतःला ही शिल्पे फारशी रुचली नव्हती, असे सांगतात. परंतु कलावंताची निवड आपल्या कारकिर्दीत झाली असल्याने जबाबदारीही आपली, या भूमिकेतून त्यांनी राजीनामा पुढे केला. तो स्वीकारला गेला नाही. एपस्टाइन यांनी एका मूर्तीचा वादग्रस्त भाग दीड इंच तासून दिला आणि प्रकरण निवळले.

सर्वच श्रेय पिक यांना देणे योग्य होणार नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेचा जगप्रसिद्ध नकाशा हॅरी बेक या आरेखकाने रेखाटला, तोही खर्चकपातीत काम गेले असताना फावल्या वेळात. कंपनीने १९३१ मध्ये तो नाकारला आणि १९३३ मध्ये प्रयोग म्हणून छापला. लोकांनी तो उचलून धरला.

१ जुलै १९३३ रोजी रेल्वे, बस आणि ट्राम यांचे एकत्रीकरण होऊन लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड अस्तित्वात आले. अॅशफील्ड अध्यक्ष, तर पिक उपाध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. जगातील सर्वांत मोठ्या नागरी वाहतूक संस्थेचा दैनंदिन कारभार आता त्यांच्या हाती होता. मंडळ सार्वजनिक असले तरी त्याला चालू खर्चासाठी अनुदान नव्हते. तिकिटांच्या उत्पन्नातून सारा खर्च भागवायचा, वर जुन्या कंपन्यांच्या भागधारकांना दिलेल्या रोख्यांवर परतावाही द्यायचा. यातील तिसऱ्या श्रेणीच्या रोख्यांना कायद्याने ठरवलेला साडेपाच टक्के दर मंडळाला एकाही वर्षी गाठता आला नाही.

तशाही स्थितीत १९३५ मध्ये चार कोटी पौंडांचा पंचवार्षिक विस्तार कार्यक्रम हाती घेण्यात आला. कर्जाला सरकारची हमी होती. १९३८ च्या गाड्या या कार्यक्रमातून आल्या. पूर्वीच्या गाड्यांत चालकामागचा मोठा भाग विजेच्या यंत्रसामग्रीने व्यापलेला असे. अभियंता डब्ल्यू. एस. ग्राफ-बेकर यांच्या हाताखाली तयार झालेल्या नव्या रचनेत ही सर्व सामग्री डब्याच्या फरशीखाली गेली. गाडीची लांबी न वाढता प्रवाशांची जागा वाढली. नवा बोगदा खोदण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त होता. असे अकराशेहून अधिक डबे बांधले गेले. आसनांवरच्या जाड लवदार कापडाच्या नक्षीसाठी मंडळाने त्या काळात एनिड मार्क्स आणि मॅरियन डॉर्न यांच्यासारख्या कलावंतांना पाचारण केले. दिवसभर शेकडो माणसे बसणार, मळ दिसू नये, पण डोळ्यांनाही त्रास होऊ नये, असा तो विचार.

याच काळात पिक यांना एका वेगळ्याच प्रश्नाने घेरले होते. त्यांच्या गाड्या जिथे पोहोचत, तिथे दोन-चार वर्षांत शेते नाहीशी होऊन घरांच्या रांगा उभ्या राहत. प्रवासी वाढत होते, पण शहर किती दूर पसरू द्यायचे यालाही मर्यादा हवी, असे त्यांना वाटू लागले. भोवतालचा हरित पट्टा राखण्याच्या बाजूने ते बोलू लागले. ज्या वाढीवर त्यांच्या संस्थेचे उत्पन्न अवलंबून होते, तिलाच आवर घाला असे सांगणारा हा अधिकारी होता. या विसंगतीतून त्यांना वाट सापडली होती असे दिसत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. लंडनमधील लक्षावधी मुले आणि माता यांना बाहेर नेण्याची वाहतूक योजना पिक यांनी आखली होती आणि ती सुरळीत पार पडली. विस्ताराची कामे मात्र अर्ध्यावर थांबली. एजवेअरच्या पुढचा नियोजित मार्ग कधीच झाला नाही. त्याच्यासाठी बांधलेल्या आगारात पुढे बसगाड्यांची दुरुस्ती होऊ लागली. युद्धकाळातील आर्थिक व्यवस्थेवरून पिक यांचे मंडळातील सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि मे १९४० मध्ये मुदत संपताच ते बाहेर पडले. चौतीस वर्षांची सेवा अशी मिटली. प्रकृतीही साथ देत नव्हती.

त्यानंतर काही महिने ते माहिती मंत्रालयात महासंचालक होते. शत्रूच्या प्रदेशात टाकावयाच्या पत्रकांत असत्य मजकूर असण्यास त्यांनी हरकत घेतली आणि त्यावरून पंतप्रधान चर्चिल यांची तिखट थट्टा ओढवून घेतली, अशी कथा सांगितली जाते. तपशिलांत फरक असला तरी ती त्यांच्या स्वभावाला धरून आहे. हे पद वर्षअखेरीसच सुटले. नाइटहूड आणि उमरावपद हे दोन्ही सन्मान त्यांनी नाकारले होते. त्यांनी स्वीकारलेला सन्मान विरळा: मॉस्कोच्या भुयारी रेल्वेला दिलेल्या सल्ल्याबद्दल सोव्हिएत सरकारने दिलेले पदक. ७ नोव्हेंबर १९४१ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ६२.

त्यांच्या काळातील गाड्या मात्र धावतच राहिल्या. ऑक्टोबर १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने करांतून पैसा उभारून भाडी जवळपास एक तृतीयांश कमी केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायपीठाने ती कपात बेकायदा ठरवली, मार्च १९८२ मध्ये भाडी दुप्पट झाली आणि प्रवासी ओसरले. मग १९८३ मध्ये भाडी पुन्हा उतरली, बस आणि भुयारी रेल्वे या दोन्हींना चालणारा पास आला आणि प्रवासी इतके वाढले की गाड्या कमी पडू लागल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये निरोप दिलेल्या १९३८ च्या गाड्यांपैकी पाच गाड्या १९८६ मध्ये नॉर्दर्न मार्गावर परत आणाव्या लागल्या. लंडनमधून त्या कायमच्या गेल्या त्या मे १९८८ मध्ये, आणि पुढच्या वर्षापासून आइल ऑफ वाइटच्या बेटावर त्यांची दुसरी नोकरी सुरू झाली.

राजधानीत चणचण नंतरही कायम राहिली. २०१८ मध्ये लंडनच्या वाहतूक संस्थेला मिळणारे सरकारचे चालू खर्चाचे अनुदान बंद झाले. २०२० च्या साथीत तिकिटांचे उत्पन्न आटल्यावर सरकारकडे हात पसरावा लागला. ५५ ब्रॉडवेची इमारत त्याआधीच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी समूहाला देण्यात आली होती. १९७२ मध्ये दाखल झालेल्या गाड्या पन्नाशी उलटल्यावरही बेकरलू मार्गावर प्रवाशांना वाहून नेत होत्या.

पिक यांच्या पंचाहत्तराव्या स्मृतिदिनी, ७ नोव्हेंबर २०१६ रोजी, पिकॅडिली सर्कस स्थानकात त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर त्यांच्या टिपणांतील शब्द आहेत, ते अर्थातच जॉन्स्टन यांच्या अक्षरात. १९३८ ची चार डब्यांची एक गाडी लंडनच्या वाहतूक संग्रहालयाने जतन केली असून ती अधूनमधून खास फेऱ्यांसाठी रुळांवर येते. आणि आइल ऑफ वाइटवर १ नोव्हेंबर २०२१ पासून नव्या गाड्या सुरू झाल्या. त्यांचे सांगाडे लंडनच्या डिस्ट्रिक्ट मार्गावरून निवृत्त झालेल्या, १९८० च्या आसपासच्या डब्यांचे आहेत.